समोरच्या दाताचे आकडे

"दात पक्का बसलाय, शेडबाळे काकू. मग काढायचा कशाला?" डॉक्टर मुजावर बाईंनी विचारलं.

इंदुमतीबाईंचा मधुमेह जुना. जबड्याच्या हाडात बसवलेला हा समोरचा कृत्रिम दात टिकावा म्हणून तो रक्तातली साखर सतत मोजायचा आणि आकडे नागपूरला लेकीच्या फोनवर पाठवायचा.

"पद्मजा रोज फोन करते," त्या म्हणाल्या. "साखर का चढली, काय खाल्लंस, एवढंच. गेल्या आठवड्यात माझी शाळेपासूनची मैत्रीण सरोज वारली. मला घास उतरेना. पद्मजाचा फोन आला, साखर का उतरली म्हणून. लगेच खाऊन घे म्हणाली आणि ठेवला. मी थकले हो आता."

डॉक्टरांनी संगणकावर त्यांची नोंद उघडली. मग म्हणाल्या, "दात राहू दे. आकडे फक्त माझ्याकडे येतील असं करते."

पुढचे चार दिवस फोन आलाच नाही. इंदुमतीबाई तो जवळ घेऊनच बसायच्या.

पाचव्या दिवशी दुपारी तो वाजला. "आई, तुझं काहीच कळत नाहीये. कशी आहेस?"

इंदुमतीबाईंनी खुर्ची ओढून घेतली.

"अगं," त्या म्हणाल्या, "सरोजमावशी गेली."