तीनच्या आत

तीनला वीस मिनिटं कमी होती आणि दामिनीच्या मोबाइलवर तेच एक वाक्य होतं : यादी लवकरच प्रसिद्ध केली जाईल. सकाळपासून ते इतक्यांदा वाचून झालं होतं की तिला आता ‘लवकरच’ या शब्दाचाच राग यायला लागला होता.

शहाद्याच्या तहसील कचेरीत, व्हरांड्यातल्या बाकावर ती बसली होती. दिल्लीच्या एका विद्यापीठात राज्यशास्त्राच्या पीएच.डी.साठी तिनं अर्ज केला होता. त्याची यादी आज लागायची होती. आणि गावच्या सरपंचपदासाठीही तिचा अर्ज होता. तो मागे घ्यायची मुदत आज तीनपर्यंत होती. दिल्लीचं काही खरं नाही असं वाटून सरपंचपदाच्या अर्जावर तिनंच सही केली होती. दोन्ही डगरींवर हात. यादी आधी लागेल आणि काय ते ठरवता येईल, असं तिला वाटलं होतं. यादी तीनदा पुढे गेली. तीन वाजले की ती सरपंच होणार होती, आणि पाच वर्षं दिल्लीत राहून कुणाला गावचं सरपंच होता येत नाही.

जागा बायकांसाठी राखीव होती. आठ जणींचे अर्ज आले होते. शिकलेली पोरगी बिनविरोध होऊ द्या, म्हणून तिचे वडील हेमकांतआप्पा चार दिवस दारोदार फिरले होते. सकाळपासून सहा अर्ज मागे घेतले गेले. उरले दोन, दामिनीचा आणि छबूबाईंचा. माघारीचा कागद हातात धरून छबूबाई त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. आत दुसऱ्या गावांची गर्दी होती आणि शिपाई एकेका गावाचं नाव पुकारत होता.

“अजूनबी तेच देखी ऱ्हायनी का?” आप्पा म्हणाले. ते खुशीत होते. “आख्खं गाव एक व्हयनं शे तुन्हासाठे. दिनरात राज्यशास्त्र, राज्यशास्त्र करस. मंग हाई काय शे?”

बिनविरोध होणाऱ्या ग्रामपंचायती हाच दामिनीच्या संशोधनाचा विषय होता. मुलाखतीत एका प्राध्यापिकेनं विचारलं होतं, माघार घेणाऱ्या बायकांशी तुम्ही बोललात का? बोलणार आहे, असं तिनं ठोकून दिलं होतं. आता त्यातलीच एक बाई हातभर अंतरावर बसली होती आणि ही सकाळपासून मोबाइलमध्ये तोंड खुपसून. तिला स्वतःची लाज वाटली.

पावणेतीन झाले. आप्पा पाणी प्यायला गेले.

“काकू,” ती म्हणाली, “माघार लेतस का म्हनीसन तुम्हले कोन्ही इचारं का?”

“इचारं नही, माय. सांगं, माघार ले.”

“तुम्हले सरपंच व्हवानं व्हतं का?”

छबूबाईंनी कागदाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. गेली पाच वर्षं त्या सदस्य होत्या. एकही ग्रामसभा त्यांनी चुकवली नव्हती, हे दामिनीला माहीत होतं.

“व्हवानं नव्हतं ते अर्ज कसाले भरा मी?”

तेवढ्यात शिपायानं त्यांच्या गावाचं नाव पुकारलं. छबूबाई उठायला लागल्या. दामिनीनं मोबाइलवर पुन्हा एकदा बोट फिरवलं. यादी लवकरच. दिल्लीला नाव लागलं नाही तर ना हे, ना ते.

“काकू, तुम्हीन बठा,” ती म्हणाली आणि आत गेली.

“माघारीचा एक कोरा अर्ज द्या.”

“कुणासाठी?” कारकुनानं विचारलं.

“माझ्यासाठी.”

त्यानं मान वर केली. “मॅडम, एकदा दिला की परत मिळत नाही.”

“माहीत आहे.”

ती सही करत होती तेव्हा आप्पा दारात आले. त्यांनी कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“यादी लागनी का?”

“नही.”

“मंग?”

सहीतली शेवटची वेलांटी वाकडी गेली. “दामिनी,” आप्पा हळूच म्हणाले, “फाडी टाक तो कागद.” तिनं तो टेबलावर ठेवला. दोन वाजून छप्पन्न मिनिटं झाली होती.

“म्हणजे एकच अर्ज राहिला,” कारकून म्हणाला. “चला, गाव बिनविरोधच झालं.”

आप्पा बाहेर जाऊन मोटरसायकलवर बसले आणि किल्ली न फिरवता बसूनच राहिले.

तीन वाजून गेले. दामिनी पायऱ्यांवर उभी होती. तिला रडू येत होतं, पण आप्पांसमोर रडायचं नव्हतं. उन्हात मोबाइलवर काहीच दिसत नव्हतं. मागून छबूबाई आल्या. त्यांच्या हातात तो माघारीचा कागद अजून तसाच होता.

“तुन्हा नंबर लागना का, माय?”

“अजून नही.”

“मन्हा लागी गया.” त्या हे इतकं हळू म्हणाल्या, की जणू त्यांच्याकडून काहीतरी चुकलं होतं.

मग त्या एक पायरी खाली उतरल्या आणि त्यांनी आपल्या पदराची सावली दोन्ही हातांनी तिच्या मोबाइलवर धरली.

“देख आते.”