तीनच्या आत

"पोरगी घरात न्हाई, साहेब," बाबाजान म्हणाले. तेवढ्यात आतून त्यांची मुलगी फरहीनच बाहेर आली.

खासदार गहिनीनाथ वाबळे ओट्यावरच्या खाटेवर टेकले. राजकारणात येण्याआधी ते राहुरीच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवायचे. फरहीन त्यांची आवडती विद्यार्थिनी. आता ती त्यांच्याच विरोधात लोकसभेला अपक्ष उभी होती. साखर कारखान्याच्या सांडपाण्यानं नासलेल्या जमिनींचा प्रश्न तिनं गावोगाव नेला होता. कारखाना होता वाबळेंच्या पक्षाच्या जिल्हाध्यक्षाचा. अर्ज मागे घ्यायची मुदत आज दुपारी तीनला संपत होती.

"तुमची माणसं सकाळीच येऊन गेली, सर. राहात्याच्या बाजारातून अब्बांचा पेरूचा गाळा उठवू म्हणाली."

"ठाऊक आहे. परत येतील."

"माती खोटं बोलत नाही, असं तुम्हीच शिकवलंत. खासदार झालात आणि तिचं नावच टाकलंत."

 वाबळेंच्या पुढ्यातला चहा निवत चालला होता.

"चल," ते म्हणाले. "कलेक्टर कचेरीत जायचंय."

"मी नाही येणार."

दारात तिची आई मुबारकबी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. बाबाजान म्हणाले, "जा, पोरी. आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

फरहीन बापाकडे बघत राहिली. मग गाडीत जाऊन बसली.

वाटेत वाबळेंचा फोन वाजला. "हो, माझ्याबरोबरच आहे. कचेरीतच चाललोय. आता कुणी तिच्या घरी जाऊ नका." त्यांनी फोन बंद करून टाकला. फरहीननं ओढणीनं डोळे पुसले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. राहुरी आली तेव्हा वाबळेंनी गाडी हळू घ्यायला लावली. विद्यापीठाची झाडं मागं पडेपर्यंत ते बाहेर बघत होते.

कचेरीच्या व्हरांड्यात पक्षाचे कार्यकर्ते थांबलेले. फरहीनला बघून ते एकमेकांकडे पाहून हसले. कुणीतरी पेढे आणायला पळालं.

"हे मी विसरणार नाही, सर," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"नको विसरूस."

निवडणूक अधिकाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. तीनला थोडाच अवकाश होता. त्यानं फरहीनकडे पेन पुढं केलं. "मॅडम, अर्ज मागे घ्यायचाय ना?"

वाबळेंनी मधेच हात घालून पेन घेतलं.

"त्यांचा नाही," ते म्हणाले. "माझा."