सुनेची बारा दिवसांची परीक्षा

मांजरीने मासा हुंगला, सुनेकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

"खाल्ला का?" फोनवरून सासूबाईंनी विचारलं.

"नुसता हुंगला."

"काटे काढलेस?"

"काढले."

"मीठ?"

"नाही घातलं. कलम चार."

"मग तुझ्या हातचं आवडत नसेल तिला," सासूबाई अगदी मायेने म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सून अतिदक्षता विभागात परिचारिका होती. एका वेळी सहा-सहा जणांचा श्वास तिच्या देखरेखीखाली चालायचा. घरी मात्र फ्रिजवर अठरा कलमांचा कागद चिकटवलेला होता. कलम एक : दूध देऊ नये, मांजरं ते फक्त चित्रात पचवतात. कलम सात : पाण्याचं भांडं जेवणाशेजारी नको. कलम अकरा : गॅलरीच्या जाळीचं दार सदैव बंद. कलम अठरा : रोज पंधरा मिनिटं खेळवणे, मनापासून.

"मनापासून!" सून नवऱ्यावर कडाडली. "ते कशाने मोजायचं? थर्मामीटर लावू?"

"आई आहे ती," नवरा म्हणाला. त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना हे एकच उत्तर होतं.

सुनेला पाचवा महिना होता. आपल्या बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बारा दिवस तिच्याकडे जायला निघताना सासूबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "जिच्या हातून कोरफड मेली, तिच्या हाती बाळ कसं द्यायचं? मांजर सांभाळून दाखव. जमलं तर बाळाच्या बाबतीत मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. नाही जमलं, तर मी म्हणेन तसं."

पण मांजर ऐकेल तर ना! तिचं नावच बाईसाहेब. सासूबाईंच्या राज्यात या बाईसाहेब फ्रिजवर विराजमान असायच्या आणि हाक मारली की शेपटी उभारून यायच्या. आता वॉशिंग मशीनमागे दडून बसल्या होत्या. नावाने हाका मारून सुनेचा घसा बसला, कान हलेना.

"विरह झालाय तिला," नवरा म्हणाला.

"विरह? चार वर्षं राहतेय मी या घरात! मी काय काल आलेली भाडेकरू आहे?"

तरी ती हटली नाही. कामावरून आली की मशीनशेजारी फरशीवर गप्प बसायची. हात लावायचा नाही, डोळे रोखायचे नाहीत. चौथ्या दिवशी मांजर बाहेर आली. पाचव्या दिवशी तिने मासा खाल्ला. सहाव्या दिवशी दुपारी ती सुनेच्या पोटाला टेकून झोपली, आणि आतलं बाळ हललं तेव्हा तिने फक्त एक डोळा उघडला.

सातव्या दिवशी नवरा फोनवर बोलत गॅलरीत गेला आणि बोलतच आत आला. जाळीचं दार उघडंच राहिलं.

"तुला एक दार लावता येत नाही?" सुनेने उघड्या जाळीकडे बोट दाखवलं. "अठरा कलमं मी पाळायची आणि एक दार तुला जड झालं?"

"येईल गं ती परत."

ती आली नाही. दोघांनी गल्लीतल्या प्रत्येक गाडीखाली वाकून पाहिलं. पाचव्या महिन्याचं पोट सांभाळत सून जिने चढली-उतरली. कोपऱ्यावरच्या शिंप्यालाही विचारलं. मशीनवरून मान वर न करता तो म्हणाला, "तुमच्या सासूबाईंची मांजर? नाही बुवा, ती इकडे नाही आली."

दहाव्या दिवशी सुनेने प्राण्यांच्या अनाथालयातून एक मांजर आणली. तांबूस, पुढचा एक पंजा पांढरा.

"पण आपल्या बाईसाहेबांचा डावा पांढरा होता ना?" नवरा म्हणाला. "हिचा उजवा आहे."

"तू तोंड उघडू नकोस. सगळं तुझ्यामुळे झालंय."

त्या संध्याकाळी नेहमीसारखा फोन आला. "मासा खाल्ला का?"

"हो. चाटूनपुसून."

"अस्सं? आणि मांडीवर बसते?"

"उतरतच नाही."

"कमाल आहे हो तुझी," सासूबाई म्हणाल्या.

बाराव्या दिवशी सासूबाई दारात उभ्या राहिल्या. मांजर सोफ्यावर पसरली होती. त्यांनी चष्मा लावला, तिचे डोळे पाहिले, कान उलटे करून पाहिले, पोट दाबून पाहिलं. पंजांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"अंगावर मांस आहे. कान स्वच्छ. घाबरतही नाही. छान ठेवलीस."

सुनेने बारा दिवसांचा श्वास एकदम सोडला. मग ताठ उभी राहिली. "कोरफडीवरून चारचौघांत किती बोललात मला! आता पटलं ना? बाळाचं माझं मी बघेन."

"थांब जरा. सामान तर येऊ दे वर."

टॅक्सीवाल्याने वेताची झाकणाची टोपली आणून ठेवली. सासूबाईंनी कडी काढली. आतून एक तांबूस मांजर बाहेर आली. डावा पंजा पांढरा. तिने आळस दिला, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि एका उडीत फ्रिजवर जाऊन बसली.

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

"अशी काय बघतेस? शिकाऊ नर्सला पहिल्याच दिवशी खरा पेशंट देतात का?" सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "बाईसाहेब माझ्याबरोबरच होत्या. तुझ्याकडे ठेवली होती ती बाईसाहेबांची हुबेहूब दिसणारी सख्खी बहीण, आपल्या शिंप्याकडची. ती सातव्या दिवशीच आपल्या घरी पोचली. लगेच फोन आला मला त्याचा."

मग त्या सोफ्यावर टेकल्या, शेजारच्या मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं, हिचं नाव काय ठेवलंस?"