ऐतिहासिक भोक

गवंड्यानं माल कालवला, थापी उचलली आणि भिंतीतल्या भोकाकडे वळला, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी इतिहास आला.

इतिहास म्हणजे बावीस माणसं, बावीस टोप्या, बावीस पाण्याच्या बाटल्या आणि कमरेला भोंगा लटकवलेला एक गाइड. दर रविवारी साडेनऊला हा हेरिटेज वॉक शिंपीणबाईच्या दारावरून जायचा. एका मजल्यासाठी लिफ्टची वाट बघणारी ही माणसं चालायला मिळावं म्हणून आठवडाभर आधी नाव नोंदवतात, हे कळल्यापासून तिला त्यांच्याबद्दल जाणून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"थांबा! काय करताय?" गाइड धावत आला.

"बुजवतोय," गवंडी म्हणाला.

"लढाईतल्या तोफगोळ्याची खूण आहे ती!"

गवंड्यानं थापी खाली घेतली. आजवर त्यानं पाइपांची, एसीची आणि उंदरांची भोकं बुजवली होती. तोफेचं पहिलंच.

शिंपीणबाई दारात आली. भोकाच्या बरोबर खाली तिचं शिलाई मशीन होतं. गल्लीतली सगळी धूळ त्या भोकातून आत येऊन शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर बसायची. गेल्या खेपेला अकरा शर्ट परत आले होते. या खेपेला एक जरी मळका निघाला, तर गणवेशांचं काम दुसरीकडे जाईल, असं मुख्याध्यापिकेनं हसत हसत सांगितलं होतं. हसत सांगितलेलं खरं असतं.

"तोफगोळा नाही तो," ती म्हणाली. "आमचे हे आहेत."

'हे' शेजारीच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. रविवारचा.

"नऊ वर्षांपूर्वी आम्ही इथं भाड्यानं आलो, तेव्हा पंखा बसवायला निघाले होते. एक्झॉस्टचा. माप घ्यायचं सोडून अंदाज घेतला. लढाई झाली, नाही असं नाही. पण ती माझी आणि यांची."

माणसं कौतुकानं हसली. एकानं वहीत 'लोककथा' असं लिहून घेतलं.

"स्थानिकांमध्ये अशा आख्यायिका असतातच," गाइड भोंग्यातून म्हणाला.

"अहो, इमारतच चाळीस वर्षांची आहे!"

"बघा!" गाइडचा आवाज भरून आला. "भिंत नंतर बांधली गेली, तरी खूण टिकली."

"वा," बावीस जण म्हणाले.

"ताई, माल आवळायला लागलाय," गवंडी हळूच म्हणाला.

शिंपीणबाई नवऱ्याकडे वळली. "तुम्ही सांगा. तुमच्या हातानं पाडलंयत ना? मग तुमच्या तोंडानं सांगा."

नवऱ्यानं शर्टाची कॉलर सारखी केली. आठवड्याचे सहा दिवस तो पार्किंगमध्ये शिट्टी वाजवायचा आणि लोक त्याच्याकडे न बघता गाड्या हव्या तिथे लावायचे. रविवारी मात्र त्यानं तोंड उघडलं, की बावीस माणसं बाटलीचं झाकण फिरवायचीही थांबायची. सुरुवातीला तो फक्त मान डोलवायचा. मग गोळा कुठल्या दिशेनं आला ते हातानं दाखवायला लागला. गेल्या रविवारी तर त्यानं गोळा लागला तेव्हा आत पणजोबांना जेवायला बसवलं होतं. शिंपीणबाईनं ते आतून ऐकलं आणि सुई बोटात घुसवून घेतली.

"अगं, लोकांसमोर कशाला..." तो पुटपुटला.

"पणजोबा वाचले का हो, काका?" गेल्या रविवारीही आलेल्या कुणीतरी मागून काळजीनं विचारलं.

ती तडक आत गेली. खाटेखालचं खोकं ओढलं, त्यातला पंखा काढला आणि तो दोन्ही हातांत धरून बाहेर आली. नऊ वर्षांत एकदाही न फिरलेला पंखा. पात्यांवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा तसाच होता.

"हा घ्या पुरावा! हा या भोकात बसायचा होता. भोक वीतभर मोठं झालं म्हणून बसला नाही. आता बोला!"

गाइडनं पहिल्यांदाच भोंगा बंद केला. माणसं पुढे सरकली. एक टोपीवाल्या बाई वाकून, श्वास रोखून पंखा न्याहाळायला लागल्या. बोट लावायचा त्यांना धीर झाला नाही.

"हा कोणत्या काळातला?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं बायकोकडे पाहायचं टाळलं, घसा साफ केला.

"गोळ्यानंतरचा," तो म्हणाला.

बावीस मोबाइल वर झाले.

शिंपीणबाईनं पंखा त्या बाईंच्या हातात दिला, गवंड्याकडून थापी आणि घमेलं घेतलं आणि आत जाऊन दाराला कडी घातली. स्टूल ओढून ती भोकासमोर चढली. पलीकडे नवरा दिसत होता. एक हात कमरेवर, दुसरा आकाशाच्या दिशेनं. भोंगा आता त्याच्या तोंडापाशी होता.

तिनं थापी भरली, चेहरा नीट मधोमध येईपर्यंत थांबली, आणि मारली.