नजर बुटावर
“अवो, आज डॉक्टरसायबाच्या तोंडाकडं बघायचं न्हाय. बुटाकडं बघा,” भिगवणला गाडीत बसल्यापासनं मी ह्यांना बजावत होते. महिनाभर बागेत पेरू तोडतानाही हेच शिकवत होते. तोफखान्याच्या नोकरीत ह्यांचे दोन्ही कान गेले, पण ओठ बघून समोरच्याचं बोलणं ओळखायची सवय लागली. तीच नडली. मागच्या तपासणीत हे पटापट उत्तरं देत गेले अन् कागद आला, ‘ऐकू येतं, अपंगत्व पेन्शन नामंजूर.’ आता पुण्यात अपिलाची तपासणी. पुन्हा तसंच झालं तर आमी कायमचे लबाड ठरणार, ही धास्ती. तपासणीच्या खोलीत मला ह्यांच्या मागच्या बाकावर बसवलं. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. हे बुटाकडं बघत गप्प. डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. ते उठले, खुर्ची ओढून ह्यांच्या अगदी समोर बसले, अन् त्यांचा चेहरा ह्यांच्या डोक्याआड गेला. त्यांनी ह्यांची हनुवटी वर उचलली. बघू नका, बघू नका, मी मनात ओरडत होते. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. “गाव कळस, सायेब. इंदापूर तालुका. पेरूची बाग हाय,” हे एकदम बोलून गेले. संपलं सगळं! डॉक्टर बाजूला वाकून माझ्याकडं बघत म्हणाले, “बाई, मी आत्ता ह्यांना काय विचारलं?” मी तोंड उघडलं अन् थांबले. मला तर कायबी ऐकू आलं नव्हतं. सायबांनी नुसते ओठच हलवले होते.