नखाएवढा रामजी

“कुणाला सांगितलंस तर कुणी खरं मानायचं नाय, मावशे,” बाळ फोटोवाला म्हणाला, “पण माझ्या ह्या काँप्युटरातनं फोटो पुसला, तरी माणूस जात नाय. दडून बसतो नुसता.”

पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसलेल्या गोदूबाईंनी पदर सावरला. त्यांचा धाकटा मुलगा रामजी ट्रकवर क्लीनर होता. गेल्या पावसाळ्यात कशेडी घाटात दरड आली, तिच्याखाली गेला. उद्या वर्षश्राद्ध. भिंतीवर लावायला तसबीर हवी, म्हणून बाई पोलादपूरहून महाडला आल्या होत्या. लायसनसाठी काढलेला रामजीचा एकुलता एक फोटो बाळनं दिवाळीच्या साफसफाईत पुसून टाकला होता. ते तोंडावर सांगायला त्याची जीभ रेटेना. थापा मारायला मात्र ती कधी अडली नव्हती.

“जुन्या काँप्युटरात भुतं नुसती शिरायची. ह्या लिनक्समधी बिऱ्हाड करून राहतात.”

त्यानं फाइलींची खिडकी उघडली आणि ‘लपलेल्या फाइली दाखवा’ यावर टिचकी मारली. नावाआधी टिंब असलेली, एरवी न दिसणारी फोल्डरं पटापट उगवली. त्यांतल्या एकात पुसलेल्या फोटोंची नखाएवढी चित्रं मागे उरतात. बाळच्या बोलण्यात खरं काय ते एवढंच.

पण रामजी काही सापडेना. चित्रांना नावं नव्हती, नुसती आकड्या-अक्षरांची खिचडी. त्यात स्टुडिओच्या खुंटीवरचा काळा कोट चढवून बसलेला तालुक्यातला जो तो पोरगा सारखाच दिसत होता. बाळनं त्यांतलाच एक धरला, आकार होता होईल तेवढा लहान केला आणि बोट ठेवलं.

“हा बघ.”

“एवढासा?”

“लांबून येतो ना.”

“मोठा कर.”

“मोठं केलं की बिचकतात गो...”

“मोठा कर म्हणते ना!”

बाळनं अधिकच्या खुणेवर टिचकी मारली. मग पुन्हा. चेहरा फुगला, कडा फुटल्या, गालांचे चौकोन झाले. आता बाईला कळणार, म्हणून त्यानं घाईघाईनं आणखी एक थाप सोडली. “दरडीखालनं आलाय, मावशे. चेहरा थोडा बदलायचाच.” बोलला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

गोदूबाई उठून काँप्युटरच्या काचेपाशी गेल्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत ते चौकोन त्यांनी बोटांनी चाचपले. मग हात एकदम मागे घेतला.

“खोटं बोलतोस, बाळ,” त्या म्हणाल्या. “हा रामजी नाय. हा त्याचा थोरला भाऊ. सावित्रीच्या पुरात गेला, तवा तुझं दुकानसुदीक नव्हतं. ह्याचा फोटो काढायचा राहूनच गेला होता.”