खरी तारीख

दुपारी साडेतीनला विब्रेन केकचा खोका दोन्ही हातांवर पेलत चष्म्याच्या दुकानात शिरले. ऐंशीव्या वाढदिवसासाठी सकाळी घातलेला कोट अंगावर तसाच होता. काउंटरमागच्या मुलीने मान वर केली.

"बोला आजोबा. चष्मा नीट बसत नाहीये का?"

"चष्मा झकास आहे. सकाळी तुम्ही शुभेच्छा पाठवल्यात ना, म्हणून केक आणलाय. वाढदिवस माझा, तर खाऊ घालायला मीच नको का?"

मुलीचं नाव इल्से, असं तिच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. तिने काही पाठवल्याचं तिला आठवेना. विब्रेननी खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. 'प्रिय विब्रेन, आज तुमचा खास दिवस! नव्या फ्रेमवर वीस टक्के सूट. फक्त आज.' खाली एक फुगा नाचत होता.

"हे होय," इल्से म्हणाली. "हे वरूनच जातं, आपोआप. मशीन पाठवतं."

"असू दे. मशीनने तरी आठवण ठेवली."

घरी सकाळी दहापासून ते बारा खुर्च्या गोल मांडून बसले होते. त्यांच्या गावात वाढदिवसाचं आमंत्रण द्यायची पद्धत नाही. दिलंच, तर लोक फुगून बसतात, की आम्ही काय विसरणार होतो? घरोघरी संडासाच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असायचं, रोज नजर पडायची, आणि माणसं आपसूक येऊन गोलात बसायची. आता ती कॅलेंडरं उतरली. तारखा फोन सांगतो. गेल्या वर्षी गेस्के होती, नवऱ्याच्या वाढदिवसाची दवंडी ती आठवडाभर आधीच पिटायची. यंदा गेस्के नव्हती, नुसता फोन होता.

आणि फोनला खोटंच सांगितलेलं होतं. येल्मरने, त्यांच्या एकुलत्या मुलाने, फेसबुकचं खातं उघडून देताना एक मार्च ही तारीख ठोकून दिली होती. खरी तारीख कुणाला सांगायची नाही बाबा, चोर टपलेले असतात, म्हणाला. चोर काही आले नाहीत. एक मार्चला एकसष्ट जणांच्या शुभेच्छा मात्र आल्या, त्यात येल्मरचीही होती, खरं वाटावं म्हणून. एवढ्या लोकांना तुम्ही चुकलात असं सांगणं विब्रेनना उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी एकेकाला धन्यवाद लिहिले, आणि तिथेच सगळं फसलं.

आज अकराच्या सुमारास शेजारची तीत्स्के सायकलवरून गेली, खिडकीकडे बघून हातही हलवला. तिला थांबवून सांगायला काही हरकत नव्हती, पण जीभ उचलेना. त्यांना ते भीक मागण्यासारखं वाटलं. येल्मरचाही फोन आला नाही. तीन वाजेपर्यंत त्यांनी वाट बघितली आणि मग केक पुन्हा खोक्यात घातला.

इल्सेने एक तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला. मनाने चांगली पोरगी होती.

"थांबा आजोबा, एक फोटो काढते. आमच्या दुकानाच्या पानावर टाकू. सगळं गाव बघतं ते. बघाच तुम्ही, कशी रांग लागते."

विब्रेननी टाय सरळ केला. घरची कॉफी अजून थर्मासमध्ये गरम असेल, हे त्यांच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. लोक कामावरून सुटले की पाचला, साडेपाचला येऊ शकतील. केक अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. ते फोटोत अगदी तोंडभर हसले.

'आज आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस! वाढदिवसाला वीस टक्के सूट!' असं लिहून इल्सेने फोटो टाकला. दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं. ती मोठ्याने वाचायला लागली आणि मधेच थांबली.

"बघू," विब्रेन म्हणाले.

तीत्स्केने लिहिलं होतं, 'पुन्हा? मार्चमध्ये झाला की यांचा ऐंशीवा!' त्याखाली आणखी कुणीतरी, 'वीस टक्क्यांसाठी माणूस परत जन्म घेतो, कमाल आहे म्हातारबांची.' त्याखाली हसरे चेहरे भराभर वाढत होते. त्यातली निम्मी नावं विब्रेनच्या ओळखीची होती.

इल्सेने हातातला तुकडा खाली ठेवला.

"राग मानू नका आजोबा, पण सूट द्यायची झाली तर मला ओळखपत्र बघावं लागतं."

"मला सूट नको आहे, पोरी. मला चष्माही नको आहे."

तरी त्यांनी पाकिटातून ओळखपत्र काढून दिलं. खोटं ठरून दुकानाबाहेर पडायची त्यांची तयारी नव्हती. तिने तारीख वाचली, पुन्हा वाचली.

"आजच आहे की हो," ती म्हणाली, आणि ओळखपत्र परत देताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. येल्मर. विब्रेननी घाईघाईने कानाला लावला.

"बोल बाळा."

"बाबा, काय चालवलंय काय तुम्ही? तीत्स्केमावशीने मला पाठवलंय ते. लोक हसतायत तिथे. किती वेळा बजावलं होतं, खरी तारीख कुणालाही द्यायची नाही म्हणून. आता कळली ना सगळ्या जगाला."

जगाला कळली म्हणजे याच्याही लक्षात आलं असेल, आता पुढचं वाक्य तेच येईल, म्हणून विब्रेन थांबले. पलीकडे कीबोर्डची टकटक चालूच होती.

"बाबा? ऐकताय ना? त्या चष्मेवाल्यांना कशाला दिलीत तुम्ही ती?"

"त्यांनी विचारली होती रे," विब्रेन म्हणाले.